तुम्ही विचारलंत म्हणून: पद्मिनीतला एसी

सिग्नलला गाडी थांबली की शेजारचा काच खाली करून विचारतो. पंपावर हवा भरणारा पोरगा विचारतो. सोसायटीच्या गणपतीत हातात प्रसाद धरून पाहुणे विचारतात, "काका, पद्मिनीत एसी? कॉम्प्रेसर कुठला टाकलात?" ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या काळ्या-पिवळ्या प्रीमियर पद्मिनी टॅक्स्या रस्त्यावरून कायमच्या गेल्या, तेव्हापासून विचारणारे आणखी वाढलेत. सिग्नल सुटतो, मागचे हॉर्न मारतात, उत्तर अर्धवट राहतं. तेव्हा एकदाच बैठक मारून सांगतो.

कॉम्प्रेसर, म्हणजे एसीचा गॅस दाबणारा पंप, सॅन्डन कंपनीचा आहे, मॉडेल ५०८. पाच पिस्टनचा, १३८ सीसी. पण एवढ्या उत्तरावर तुम्ही दुकानात गेलात तर फसाल. कॉम्प्रेसर पैसे टाकले की मिळतो. तो इंजिनला धरून ठेवणारं ब्रॅकेट मिळत नाही. माझी तीन ब्रॅकेटं झाली, तेव्हा एसी चालला.

गाडी १९८६ची, वडिलांनी घेतलेली. बनली कुर्ल्यातच, प्रीमियरच्या कारखान्यात, जिथे आज कोहिनूर सिटीच्या इमारती आहेत. मूळ इंजिन १०८९ सीसीचं, ताकद चाळीसएक हॉर्सपॉवर. ते आणखी बोअर करायच्या लायकीचं उरलं नाही तेव्हा मी मारुती जिप्सीचं १३०० सीसीचं इंजिन बसवलं. दोन्ही गाड्यांत इंजिन उभं, म्हणजे लांबीच्या दिशेने बसतं आणि जोर मागच्या चाकांना जातो, म्हणून ही जोडी जमते. आरटीओची परवानगी आधी घ्या, आरसी बुकावर नवा इंजिन नंबर चढवा, विमा कंपनीला कळवा. हे न करता केलेलं काम एका अपघातात महागात पडतं. गाडी पन्नाशीची झाली की व्हिंटेजची नंबरप्लेट मिळेल का, हेही कुणी ना कुणी विचारतंच. नाही मिळणार. २०२१च्या नियमांत मूळ रूप राखलेलं लागतं, माझं इंजिनच परकं.

एसी हवा होता आईला. पद्मिनीची त्रिकोणी काच उलटी फिरवली की गाडी चालत असेपर्यंत वारा तोंडावर येतो, ती आमची पिढीजात सोय. पण मे महिन्यात सायनला अर्धा तास उभं राहिलात की त्या काचेतून फक्त शेजारच्या बसचा धूर येतो. आई म्हणाली, "इंजिन बदललंस, आता थंडावाही बदल." तिच्या दृष्टीने दोन्ही सारखंच काम.

पहिलं ब्रॅकेट एका गॅरेजमध्ये झालं. त्यांनी झटपट पट्टी कापली, एक टोक ब्लॉकला, म्हणजे इंजिनच्या मुख्य अंगाला, बोल्टने घट्ट केलं, दुसरं खालच्या चॅसीच्या, म्हणजे गाडीच्या सांगाड्याच्या, आडव्या दांडीला वेल्ड केलं. दिसायला मजबूत. मीही खूश. चेंबूरला पोचेपर्यंत बेल्ट तुटून बॉनेटच्या आतल्या बाजूला आपटला.

चूक कुठे झाली ते समजायला फार शिकावं लागत नाही. इंजिन रबरी फाउंडेशनवर बसलेलं असतं. सेल्फ मारला की ते एका अंगाला झुकतं, ॲक्सिलरेटर दाबला की पुन्हा झुकतं, बंद करताना शेवटचा झटका देतं. बॉनेट उघडून कुणाला तरी रेस द्यायला सांगा आणि बघा, बोटभर तरी हलेल. त्या हलण्यासोबत क्रँकची पुली हलते, म्हणजे इंजिनच्या फिरत्या दांड्यावरचं चाक, जे बेल्टने कॉम्प्रेसर फिरवतं. कॉम्प्रेसर जर चॅसीला धरलेला असेल तर दोन पुल्यांमधलं अंतर दर सेकंदाला कमी-जास्त होतं. बेल्ट कधी ढिला, कधी ताणलेला. शिवाय इंजिन आणि चॅसी दोन्हीकडे एकदम बांधलेली पट्टी कुठेतरी तडकणारच. कॉम्प्रेसर गाडीला लावायचा नसतो, इंजिनला लावायचा असतो. त्याने इंजिनबरोबर झुकलं पाहिजे, इंजिनबरोबरच थरथरलं पाहिजे. गाडीच्या अंगाशी त्याचा संबंध दोन रबरी पाइपांपुरता, आणि ते पाइपही इंजिनच्या हालचालीला पुरतील इतके सैल ठेवायचे.

दुसरं ब्रॅकेट मी ब्लॉकला लावून घेतलं, पण ६ मिलिमीटरच्या प्लेटचं आणि दोन बोल्टांवर. महिनाभर छान. मग तिसऱ्या गिअरमध्ये ठरावीक वेगाला बॉनेटखालून गुणगुण ऐकू येऊ लागली. आधी वाटलं बेअरिंग गेलं. कॉम्प्रेसर सहा-सात किलोचा, तो दोन बोल्टांवर छज्ज्यासारखा बाहेर लोंबत होता आणि विशिष्ट आरपीएमला प्लेट ट्यूनिंग फोर्कसारखी वाजायची. गुणगुणीकडे मी दुर्लक्ष केलं, हा माझा आळस. एके दिवशी कॉम्प्रेसरचा कानच, म्हणजे बोल्ट जातो ती कडीच, तुटली. ॲल्युमिनियमचा कान, वेल्ड करून भरवसा नाही. नवा घ्यावा लागला.

तिसऱ्या वेळी गॅरेज सोडलं आणि साकीनाक्याच्या एका लेथवाल्या मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी पहिल्यांदा विचारलं, "मेलेला कॉम्प्रेसर आहे का?" तो तुटक्या कानाचाच होता. मापाला त्यांना तो पुरे होता. मग त्यांनी पुठ्ठा मागितला. मिठाईच्या खोक्याचा जाड पुठ्ठा कापून, ब्लॉकवरच्या रिकाम्या बोल्टभोकांवर ठेवून, हातोडीने हळूच ठोकत भोकांच्या कडा पुठ्ठ्यावर उमटवल्या. एक दुपार त्यातच गेली. कॉम्प्रेसर कधी वर, कधी खाली, कधी स्टिअरिंगच्या दांड्यात अडकतोय, कधी बॅटरीत. सॅन्डनच्या या कॉम्प्रेसरला तेलाची बुची वरच्या अंगाला राहिली पाहिजे, पण डावी-उजवीकडे ९० अंशांपर्यंत तिरका चालतो. आमचा शेवटी साधारण ४५ अंशांवर बसला. स्टिअरिंगपासून दोन बोटं मोकळी.

प्लेट १२ मिलिमीटरची. ब्लॉकला तीन बोल्ट, शिवाय कॉम्प्रेसरच्या मागच्या कानापासून ब्लॉकच्या दुसऱ्या जागी जाणारा आधाराचा दांडा. पुढचे कान आणि मागचे कान दोन्ही धरायचे, नुसते पुढचे धरले की माझ्यासारखं होतं. बेल्ट ताणायची खाच प्लेटमध्येच.

आता पुली. एसी नसलेल्या इंजिनच्या क्रँकच्या पुलीला बहुधा एसीच्या बेल्टसाठी खाचच नसते. लेथवर जादा पुली करून पुढे बसवावी लागते. ती मधल्या उंचवट्यावर तंतोतंत बसली पाहिजे, फक्त बोल्टांच्या भरवशावर सोडली तर डुगडुगते आणि बेल्ट खाते. क्रँकची पुली १४० मिलिमीटर, कॉम्प्रेसरची १२५. म्हणजे इंजिनपेक्षा कॉम्प्रेसर १.१२ पट वेगाने फिरतो. इंजिन आयडलला, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता, मिनिटाला ८५० फेऱ्यांवर असताना कॉम्प्रेसर ९५०च्या आसपास, आणि ५,००० ला ५,६००. त्याची कायम चालायची मर्यादा सुमारे ६,००० धरा. क्रँकला याहून मोठी पुली लावली असती तर सायनच्या गर्दीत जास्त थंड झालं असतं, पण एक्स्प्रेसवेला कॉम्प्रेसरचा जीव गेला असता. मुंबईकराला हा सौदा कायम करावा लागतो. मी क्रँकची पुली लहान ठेवली आणि आयडल वाढवलं. एसी चालू होऊन कॉम्प्रेसरचा क्लच लागला की तो काही हॉर्सपॉवर खातो, गाडी सिग्नलला बंद पडू नये म्हणून आयडल आपोआप हजारपर्यंत चढायची सोय हवीच.

दोन पुल्या एका रेषेत आहेत का ते बघायला आम्ही सुतळी आणि स्टीलची पट्टी वापरली. एक मिलिमीटरच्या आत आणायला कानांमागे वॉशर घालत, काढत संध्याकाळ झाली. चहा तीनदा झाला. बेल्ट मध्यभागी अंगठ्याने दाबला की सेंटिमीटरभर दबावा, पुरे.

बाकीचं काम कुठलाही बरा एसीवाला करतो. कंडेन्सर, म्हणजे गॅसची उष्णता बाहेर टाकणारी जाळी, रेडिएटरच्या पुढे, त्याला स्वतंत्र पंखा. डॅशबोर्डखाली लटकणारं कूलिंग कॉइलचं युनिट. गॅस १३४ए. फक्त दोन गोष्टी डोळ्यांसमोर करून घ्या. पाइपांची टोपणं आणि एसीचा ओल शोषणारा फिल्टर अगदी शेवटी उघडायचा. इथली हवा एवढी दमट आहे की तासभर उघडा राहिलेला फिल्टर पाणी पिऊन बसतो, आणि कॉम्प्रेसरचं पीएजी तेलही ओल ओढतं. दुसरं, व्हॅक्यूम पंप पाऊण तास तरी चालू द्या. आतलं पाणी वाफ होऊन निघायला वेळ लागतो. "पंधरा मिनिटं बस झाली सर" म्हणणाऱ्याला बसवून चहा पाजा.

वायरिंगवर मात्र थांबतो. इंजिनसोबत चांगला अल्टरनेटर आला, पण तारा १९८६च्याच होत्या. कॉम्प्रेसरच्या क्लचला चारेक ॲम्पिअर, कंडेन्सरच्या पंख्याला दहा, ब्लोअरला त्याहून जास्त. जुलैच्या रात्री हेडलाइट आणि वायपर धरून बघा. हे सगळं जुन्या फ्यूजपेटीतून ओढायला गेलात तर आधी वास येईल. वेगळ्या तारा, वेगळे रिले, वेगळे फ्यूज, सरळ बॅटरीवरून.

तीन उन्हाळे झाले, बेल्ट तोच आहे. कूलिंग कॉइलचं पाणी कधीकधी नळीऐवजी डाव्या सीटवाल्याच्या पायावर गळतं, त्याला अजून उपाय सापडलेला नाही. आई मागे बसते, तिला काही फरक पडत नाही.

पुठ्ठ्याचं माप माझ्या कपाटात आहे, काजूकतलीच्या खोक्याचं. तुमच्या पद्मिनीत जिप्सीचंच इंजिन असेल तर या, ठेवून बघा, जुळलं तर दुसऱ्या पुठ्ठ्यावर आखून घेऊन जा. दुसरं कुठलं इंजिन असेल तर ते उपयोगाचं नाही. दिवाळीचं खोकं जपून ठेवा आणि भंगारात एक मेलेला कॉम्प्रेसर शोधा.