एका खणात मावणारी व्यायामशाळा

परदेशात भाड्याच्या घरात राहायचं म्हणजे व्यायामाला दोन अडचणी असतात. जमीन लाकडी आणि खाली दुसऱ्याचं बिऱ्हाड, त्यामुळे डंबेल जरा जोरात टेकलं तरी आवाज खाली जातो. शिवाय करार संपला की घर बदलायचं. तेव्हा ते लोखंड वाहून कोण नेणार? म्हणून मी रेझिस्टन्स बँड, म्हणजे व्यायामाचे रबरी पट्टे घेतले. आता घरचं कुणीही विचारलं तरी मी तेच सुचवते.

"आम्ही रोज चालतो की," असं आईबाबांच्या वयाची मंडळी फोनवर सांगतात. चालणं हवंच, पण त्यात दंड, खांदे आणि पाठीला फारसं काम पडत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत प्रौढांनी आठवड्यातून किमान दोन दिवस मोठ्या स्नायूंना ताकदीचा व्यायाम द्यावा, असं स्पष्ट म्हटलं आहे. "आता या वयात?" या प्रश्नालाही उत्तर आहे. १९९० साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात वृद्धाश्रमातल्या नव्वदीच्या घरातल्या दहा जणांकडून आठ आठवडे पायांचा जड व्यायाम देखरेखीखाली करून घेतला गेला. तो पूर्ण करणाऱ्या नऊ जणांच्या पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली! तो व्यायाम बँडवरचा नव्हता, पण स्नायू त्या वयातही दाद देतात हे मला फार मोलाचं वाटतं.

बँडचा स्वभाव लोखंडापेक्षा वेगळा. डंबेल सुरुवातीपासून शेवटपर्यंत तेवढ्याच वजनाचं; बँड जितका ताणाल तितका जड होत जातो. थेराबँडचा लाल पट्टा दुप्पट लांबीपर्यंत ताणला की साधारण १.७ किलोची ओढ लागते, काळ्याला ३.३ किलोची. मात्र प्रत्येक कंपनीचे रंग वेगळे, तेव्हा रंगावर जाऊ नका, ओढ किती ते वाचा.

सुरुवात पाठीपासून करा. पाय पसरून जमिनीवर बसा, गुडघे किंचित वाकवा. पट्टा तळपायांवरून घेऊन प्रत्येक पावलाला एक वेढा द्या, नाहीतर तो सटकून थेट तोंडावर येतो. पाठ ताठ ठेवून कोपरं मागे न्या, पाठीची दोन्ही पाती जवळ येऊ द्या, क्षणभर थांबा. आणि परत जाताना मनात तीन अंक मोजत सावकाश सोडा. बहुतेक जण इथेच घाई करतात. बँड आपणहून मागे खेचत असतो, त्याला अडवत सोडणं हा निम्मा व्यायाम आहे. श्वास कोंडू नका. रक्तदाब असेल तर हे विशेष पाळा आणि डॉक्टरांना विचारून सुरू करा. शेवटच्या दोन-तीन वेळा जड गेल्या तर पट्टा बरोबर निवडलात. पंधरा वेळा सहज जमू लागलं की पट्टा आखूड धरा, ओढ लगेच वाढते.

दाराला अडकवायचा असेल तर तुम्ही ओढाल तसं दार अधिक घट्ट बंद होईल, अशा बाजूला उभं राहा आणि दाराला कडी घाला. रबर उन्हाने आणि तेलाने खराब होतं, म्हणून बँड खिडकीत ठेवू नका. वापरण्याआधी उजेडासमोर धरून थोडा ताणा. कडेला केसाएवढी चीर दिसली तरी टाकून द्या, कारण ती पुढच्या ताणाला फाटत जाते. लॅटेक्सची अ‍ॅलर्जी असणाऱ्यांसाठी बिनलॅटेक्सचे पट्टे मिळतात.

मांड्यांना मात्र पातळ पट्टे लवकरच अपुरे पडतात. त्यासाठी मी हात न टेकता खुर्चीवरून उठते आणि तितक्याच सावकाश बसते. हे सोपं वाटू लागलं की बराचसा भार एकाच पायावर घेते, दुसरा पाय नुसता टेकलेला. आईलाही हेच सांगितलंय, फक्त खुर्ची भिंतीला टेकवून आणि दोन्ही पायांवर.