पोकळीत धक्का कोण कोणाला देतं?

"अवकाशात हवाच नाही, मग आघात तरंग जातो कशातून?" मी शॉक वेव्हवर काम करते असं म्हटलं की हा प्रश्न येतोच. आता तुम्हीही विचारलंत, म्हणून सांगते.

ती पोकळी अगदीच रिकामी नसते. सूर्यातून सतत विद्युतभारित कणांचा झोत वाहतो, तो सौरवारा. पृथ्वीजवळ त्यात दर घनसेंटिमीटरला पाचेक प्रोटॉन आणि जवळपास तितकेच इलेक्ट्रॉन असतात. हवेत रेणू रेणूवर आपटतो म्हणून धक्का पुढे सरकतो. इथे एका कणाची दुसऱ्याशी टक्कर व्हायची तर सूर्य ते पृथ्वी एवढं, म्हणजे सुमारे १५ कोटी किलोमीटर अंतर कापावं लागतं. तरीही सेकंदाला ४०० किलोमीटर वेगाने येणारा हा वारा पृथ्वीच्या अलीकडे, साधारण ९० हजार किलोमीटरवर, एकाएकी मंदावतो, तापतो, दाट होतो. हाच आघात तरंग.

टक्करच नाही, तर अडवतं कोण? चुंबकीय क्षेत्र. विद्युतभारित कण बलरेषेभोवती गिरक्या घेतात, त्यामुळे वायू दाबला की बलरेषाही दाबल्या जातात. या रेषा ताणलेल्या तारांसारख्या थरथरतात, हे हान्नेस आल्फव्हेन यांनी १९४२ मध्ये मांडलं. पृथ्वीजवळ ही थरथर सेकंदाला ५० किलोमीटरच्या आसपास धावते. वारा तिच्या कैक पट वेगवान, त्यामुळे पुढे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचा अडथळा आहे ही वर्दी त्याला आधी मिळतच नाही.

उपग्रह ही मंदावण्याची सीमा ओलांडतो तेव्हाचा चुंबकीय क्षेत्राचा आलेख मी कितीही वेळा पाहू शकते. ५ नॅनोटेस्लाच्या आसपास डुलणारी रेषा काही सेकंदांत १५-२० वर उडी घेते, क्षणभर आणखी वर जाते आणि मग खाली बसते. ते जास्तीचं टोक म्हणजे सीमेवरून माघारी फिरलेल्या प्रोटॉनांच्या गिरकीची खूण. वाऱ्याची गती उष्णतेत बदलते ती बरीचशी या गिरकीतून.

पण हे बलरेषा वाऱ्याला आडव्या असतील तर. त्या वाऱ्याच्याच दिशेने असल्या, तर परतलेले कण रेषा धरून थेट उलटे निसटतात आणि येणारा वारा आधीच ढवळून टाकतात. मग सीमा हजारो किलोमीटर विस्कटते. मला हीच जास्त आवडते.

२००७ मध्ये व्हॉयेजर-२ हे अवकाशयान ग्रहांच्याही पलीकडे, सौरवारा जिथे शेवटचा एकाएकी मंदावतो त्या आघात सीमेवर पोचलं, तेव्हा ती सीमाच पुढेमागे सरकत असल्यामुळे त्याने ती अनेकदा ओलांडली. पलीकडचा वायू अपेक्षेपेक्षा बराच थंड निघाला. बहुतेक ऊर्जा ताऱ्यांमधल्या अवकाशातून उदासीन अणू म्हणून आलेल्या आणि वाटेत विद्युतभारित झालेल्या कणांनी घेतली होती.