शिल्लक पाने

एप्रिलच्या अखेरीस मुलांच्या परीक्षा संपल्या, की आमच्या घरी एक कार्यक्रम न चुकता पार पडतो. दोन्ही दप्तरे जमिनीवर उपडी केली जातात. त्यांतून पेन्सिलींची थोटके, टोपण हरवलेली पेने, चार चिंचोके आणि फेब्रुवारीतच सही करून पाठवायची राहिलेली एखादी सूचना बाहेर पडते, आणि मग मी मांडी घालून वह्यांची वर्गवारी करायला बसते. निम्म्याहून अधिक कोरी असलेली वही पुढच्या वर्षीची रफ वही होते, शेवटपर्यंत भरलेली रद्दीत जाते, आणि जिच्या मागची दहा-वीस पाने कोरी राहिली आहेत ती माझ्या वाट्याला येते.

ही पाने सोडवण्याचेही एक तंत्र आहे. शाळेच्या वहीला मधोमध पिना मारलेल्या असतात, त्यामुळे वहीचे शेवटचे पान हे पहिल्या पानाचेच दुसरे अंग असते. घाईने मागची पाने फाडली, तर पुढची सुटतात आणि फाडलेल्या पानांना शिवायला कडच उरत नाही. म्हणून मी सुरीच्या टोकाने पिना उचकटते आणि अख्खे जोडपान काढून घेते. त्याच्या एका अंगावर मुलांचा जूनमधला अभ्यास असतो आणि दुसरे अंग कोरे असते. जूनमध्ये शाळा नुकतीच सुरू झालेली असते, वहीला नवे कव्हर असते आणि मुले त्या पंधरा दिवसांत जन्मभर असेच लिहिणार असल्यासारखे टपोरे अक्षर काढतात. ऑगस्टपासून त्या अक्षराचे काय होते, ते मला पुन्हा पाहावे लागत नाही. अशी साठ-सत्तर जोडपाने जमली, की दाभणाने तीन भोके पाडून मी ती जाड दोऱ्याने शिवते आणि वर जुन्या कॅलेंडरचा कागद लावते. गेली नऊ वर्षे मी कथा लिहिते, त्या या वह्यांत.

सुरुवात झाली ती निव्वळ अडचणीतून. धाकटा तेव्हा वर्षाचा होता आणि थोरली पहिलीत होती. तो मांडीवर झोपला, की मला हलता येत नसे. हाताच्या अंतरावर जे असेल तेवढेच जग उरे. एका दुपारी त्या अंतरावर थोरलीची इंग्रजीची चाररेघी वही आणि टोक मोडत आलेली पेन्सिल होती. तिच्या मागच्या पानावर मी गल्लीतल्या एका म्हाताऱ्या बाईविषयी दीड पान लिहिले. चार रेघांत मराठी लिहिणे हा मोठा गमतीचा प्रकार असतो. शिरोरेघ कोणत्या रेघेवर द्यायची हे ठरत नाही, वेलांट्या वर पोहोचत नाहीत आणि उकार खाली लोंबतात. पण अक्षर मोठे आल्यामुळे वाक्ये आपोआप लहान झाली, आणि ती बाई कमी बोलणारी असल्याने तिला ते शोभून दिसले. पुढे दुरेघी आल्या, एकरेघी आल्या, गणिताच्या चौकटी वह्या आल्या. चौकटीच्या पानावर वर्णन काही केल्या जमत नाही, संवाद मात्र उत्तम उतरतो; का, ते मला अजून कळलेले नाही. मधल्या काळात, २०२३ साली, दप्तराचे ओझे कमी व्हावे म्हणून बालभारतीच्या पुस्तकांतच धड्यांमागे नोंदींसाठी कोरी पाने जोडली गेली. धाकट्याने त्यांतल्या बहुतेक पानांवर एक अक्षरही लिहिले नव्हते, आणि माझा त्यांच्यावर वर्षभर डोळा होता हे कबूल करायला हवे. दोन वर्षांनी ती पाने पुस्तकांतून काढून टाकण्यात आली. शिक्षणाच्या दृष्टीने तो निर्णय योग्य की अयोग्य, ते जाणकार सांगतील. माझे नुकसान झाले.

माझ्याकडे चांगली वही नव्हती असे नाही. लग्नाच्या दहाव्या वाढदिवसाला नवऱ्याने मला एक देखणी डायरी आणून दिली होती. तिला गडद निळे कापडी कव्हर होते, खुणेसाठी रेशमी फीत होती आणि कागद इतका गुळगुळीत होता की त्यावर चुकणे हा अपराध वाटावा. तीन वर्षे ती कोरी राहिली. दर नव्या वर्षी मी ती उघडत असे, पहिल्या पानावरून हात फिरवत असे आणि ‘सुचेल तेव्हा लिहू’ म्हणून मिटत असे. शेवटी तिच्यात दुधाच्या रतिबाची आणि इस्त्रीच्या कपड्यांची नोंद सुरू झाली आणि एकदाची तिची भीती मोडली. आधी आत्मविश्वास यावा आणि मग लिहावे, असा माझा बरीच वर्षे समज होता. निळी डायरी तो आत्मविश्वास भाड्याच्या घरासारखा अनामत रक्कम म्हणून आधीच मागत होती, आणि माझ्याकडे ती रक्कम नव्हती. रद्दीत जायला निघालेल्या पानाने माझ्याकडे काहीच मागितले नाही. त्यावर वाईट लिहिले, तरी त्या पानाचे काही बिघडणार नव्हते, आणि वाईट लिहिण्याची मुभा मिळाल्यावाचून मला कधी बरे लिहिताच आले नसते.

पाने शिल्लक तशी वेळही शिल्लकच. मात्र वेळेच्या बाबतीत मला एक शोध लागलेला आहे. कामे थकवतात म्हणून लिहिणे होत नाही, असे आपण म्हणतो, पण सगळी कामे सारखी नसतात. मेथी निवडताना, शेंगा सोलताना, धुतलेले कपडे वाळत घालताना हात गुंतलेले असतात आणि डोके मोकळे असते; माझ्या निम्म्या कथा मेथीच्या जुडीत सुचलेल्या आहेत. याउलट विभाज्यतेच्या कसोट्या समजावून सांगताना, उद्या शाळेत कोणत्या रंगाचे कपडे आहेत याविषयीचे चाळीस निरोप मोबाइलवर वाचताना, किंवा रात्री नऊ वाजता ‘उद्या ज्वालामुखीची प्रतिकृती न्यायची आहे’ हे ऐकताना डोकेच कामाला लागलेले असते, आणि तिथे कथेला पाऊल ठेवायला जागा नसते. दळणाऱ्या बायकांनी ओव्या रचल्या त्या काही सुखात रचल्या नाहीत, पण जात्याने त्यांची शक्ती घेतली तरी त्यांचे लक्ष मागितले नाही, उलट आपली लय त्यांना दिली. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हां यांनी महाराष्ट्रातल्या खेडोपाडी फिरून अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, तेव्हा ती संपत्ती केवढी होती ते जगाला कळले. माझ्या मिक्सरच्या घरघरीत ओवी सोडाच, दाराची घंटाही ऐकू येत नाही.

आणि त्या ओव्यांतूनही हाती लागले ते कुणीतरी टिपून घेतले तेवढेच. बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हते. मुलगा सोपानदेव आणि घरच्या माणसांनी कविता टिपून ठेवल्या, म्हणून १९५१ साली त्या गेल्यावर १९५२ मध्ये त्यांचे पुस्तक निघू शकले. मला मात्र त्या टिपलेल्या कवितांइतकीच न टिपलेल्यांची रुखरुख वाटते. शेतात त्या एकट्या असताना, जवळपास पेन्सिलवाला कुणी नसताना जे त्यांच्या ओठांवर आले, ते गेलेच असणार.

म्हणूनच थोर लेखिकांचे दाखले कुणी माझ्यापुढे ठेवले, की मी जरा सावध होते. एका लग्नाच्या पंगतीत नात्यातल्या एका निवृत्त शिक्षिकेने मला इंदिरा संतांचा दाखला दिला होता. १९४६ साली पती गेले, पदरी तीन मुले, बेळगावात शिक्षिकेची नोकरी, आणि तरीही १९५१ साली त्यांचा पहिला स्वतंत्र कवितासंग्रह आला, पुढे १९८४ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, मुलगाही लंपन या कथानायकाचा जनक म्हणून नावाजला गेला. हे सारे खरेच आहे आणि मला ते तोंडपाठ आहे. पण “त्यांना जमलं, मग तुला काय झालं?” असा प्रश्न जिलबीच्या ताटावर येतो, तेव्हा त्या मोठ्या बाईच्या दुःखाची काठी करून ती माझ्या पाठीत घातली जात आहे, असे वाटते. त्यांनी जे लिहिले ते आपल्याला ठाऊक आहे. त्या काळात जे लिहायचे राहून गेले, ते कुणी मोजलेले नाही. मी तेव्हा काही बोलले नाही, मठ्ठा मागितला.

लिहिते आहे हे मी घरातही बरीच वर्षे सांगत नसे. शिवलेली ती वही, वरचे कॅलेंडर, हातातली पेन्सिल, हे सगळे दिसायलाच वाणसामानाच्या हिशेबासारखे होते. त्यामुळे कुणी विचारले, की मी “हिशेब लिहितेय” असे सांगून मोकळी होत असे. एका संध्याकाळी कथेतल्या एका मुलीला मी एस.टी.त बसवून देण्याच्या प्रयत्नात होते. कुकरच्या शिट्ट्या झाल्या, आणखी झाल्या, आणि मला ऐकू आल्या त्या एस.टी.च्या कंडक्टरच्या. डाळ तळाला लागून काळी झाली आणि वास थेट देवघरापर्यंत गेला. सासूबाई जपमाळ हातात घेऊनच स्वयंपाकघरात आल्या.

“काय करत होतीस गं?”

“हिशेब लिहीत होते, आई.”

त्यांनी कुकर उतरवला, झाकण उघडून आत पाहिले आणि शांतपणे म्हणाल्या, “रोज एवढा हिशेब लिहितेस, मग महिनाअखेरीला पैसे का पुरत नाहीत?”

मला हसू आले आणि लगेच रडूही आले, आणि मग मी ओट्याला टेकून सगळे सांगितले. इतक्या गंभीरपणे मी ते कुणालाच सांगितले नव्हते, नवऱ्यालाही नाही. त्यांनी ऐकून घेतले. लेखनाबद्दल, कौतुकाबद्दल त्या एक शब्दही बोलल्या नाहीत. “मग आधी सांगायचं नाही का? गॅस मी बंद केला असता,” एवढे म्हणून त्या कुकरात पाणी आणि खायचा सोडा घालायला लागल्या. त्या दिवसापासून मी “लिहितेय” असे सांगते. पहिल्या खेपेला तो शब्द तोंडात फार मोठा वाटला, दुसऱ्याची चप्पल घालून निघाल्यासारखा.

कथा बाहेर पाठवण्याची पायरी त्यानंतरची. आपल्याकडे कथालेखकाचे वर्ष दिवाळी अंकांभोवती फिरते, आणि १९०९ साली ‘मनोरंजन’ने ही प्रथा पाडल्यापासून ते फिरतेच आहे. माझी तक्रार फक्त एका गोष्टीपुरती आहे. बहुतेक अंकांना साहित्य हवे असते जूनच्या अखेरीपर्यंत, आणि ज्याने आयुष्यात एकदा तरी दोन मुलांच्या अठ्ठावीस वह्यांना खाकी कव्हरे घातली आहेत, असा संपादक ही मुदत कधीही ठेवणार नाही. पूर्वी लिखाण ‘साभार परत’ येत असे, असे जुने लेखक सांगतात. मला ते ऐकून हेवा वाटतो, कारण त्यात निदान ‘साभार’ होते. माझ्या पाच कथांना काहीच उत्तर आले नाही. सहावीसाठी एका संपादकांचा फोन आला. कथा आवडली, पण तीनशे शब्द कमी करा, स्वयंपाकघर फार आले आहे, असे त्यांचे म्हणणे पडले. मी रात्री बसून दोनशे शब्द काढले, कारण ते खरोखरच जास्तीचे होते. उरलेल्या शंभर शब्दांत ती बाई फोडणीत मोहरी तडतडेपर्यंत थांबते आणि तेवढ्यात तिचा निर्णय होतो. ते काढता येणार नाहीत, असे मी दुसऱ्या दिवशी फोनवर सांगितले. आवाज कापत होता, हात ओला होता आणि मागे धाकटा पाणी मागत होता. कथा त्या शंभर शब्दांसकट छापून आली. छापून आल्याचा आनंद चार दिवस टिकला. त्या फोनवर ‘नाही’ म्हणता आले, त्यावर मी अजून जगते आहे.

आमच्या सांगलीच्या तारा भवाळकर २०२५ साली दिल्लीच्या ९८व्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्ष झाल्या, तेव्हा गावात आनंदीआनंद होता. या पदावर आजवर आलेल्या त्या केवळ सहाव्या स्त्री, हे मी पेपरात वाचले, आणि पहिल्या कुसुमावती देशपांडे यांचे वर्ष १९६१ होते हेही वाचले. त्या दुपारी मी धाकट्याला गुणाकार शिकवत होते. मध्येच त्याला अठ्ठ्याण्णवांतून सहा वजा करायला सांगितले, तर त्याचे उत्तर बरोबर आले.

गेल्या वर्षी पिना काढताना एक गंमत झाली. थोरलीच्या मराठीच्या वहीतून सुटलेल्या एका जोडपानाच्या पुढच्या अंगावर ‘माझी आई’ हा तिचा निबंध होता. अक्षर अर्थातच जूनमधले. माझी आई सुगरण आहे, ती आमच्यावर संस्कार करते, ती प्रेमळ पण शिस्तप्रिय आहे, अशी सगळी वाक्ये मार्गदर्शकातून उचललेली होती आणि बाईंनी खाली लाल शाईत ‘छान’ असा शेरा दिला होता. आई लिहिते, हे त्यात कुठेही नव्हते. इतकी वर्षे ज्या पोरीच्या वह्यांवर मी कथा लिहिल्या, तिला ते लिहिण्याजोगे वाटले नाही, याचे मला अर्धा तास चांगलेच वाईट वाटले. मग पुन्हा वाचताना एक वाक्य दिसले. ‘माझी आई रोज पहाटे सर्वांच्या आधी उठते.’ हेही मार्गदर्शकातलेच असणार, सगळ्यांच्याच आया निबंधात पहाटे उठतात. पण मी खरोखरच पावणेपाचला उठते. साडेपाचला डब्याची कणीक मळायला घेते, आणि मधला पाऊण तास ओट्यावरच्या दिव्याखाली ही वही उघडी असते. ते पान मी वहीत शिवले आणि त्याच्या कोऱ्या अंगावर नव्या कथेची सुरुवात केली.

थोरलीच्या वह्यांत आता कोरे पान फारसे राहत नाही. नववीत लिहायलाच पुष्कळ असते. यंदा दोघांची मिळून एक्काहत्तर जोडपाने निघाली. त्यांतली चोवीस धाकट्याच्या चौकटी वहीची आहेत, आणि तो पाचवीत जात असल्याने ती शेवटचीच. बाकीची मी शिवून टाकली. ही चोवीस अजून सुटीच, ओट्यावर साखरेच्या डब्यामागे ठेवली आहेत, कारण कथेतल्या दोघी जावांचे अंगणात एक भांडण व्हायचे राहिले आहे.