जास्वंदीवरचा मिलीबग: मुंग्यांची वाट सापडली

मागच्या वेळी लिहिलं होतं, तिसऱ्या फवारणीनंतरही मिलीबगचं (झाडाचा रस शोषणारा पिठाळ किडा) पांढरं दिसलं तर जास्वंद सरळ बुडापासून छाटणार. पांढरं दिसलं. काल कात्री घेऊन गच्चीवर गेलेही, पण छाटली नाही.

झालं असं की एका शेंड्यावर मिलीबगच्या दुपटीने मोठा, झिपऱ्या असलेला पांढरा किडा भराभर चालत होता. मिलीबग असा पळत नाही. भिंग लावलं, तर हा चक्क एका मिलीबगला धरून खात होता! क्रिप्टोलेमसची अळी! १८९८ मध्ये ऑस्ट्रेलियातून कॉफीच्या मळ्यांसाठी आपल्याकडे आणलेला ढालकिडा (लेडीबर्ड) तो हाच. मोठा किडा काळपट, डोकं नारिंगी, जेमतेम चार मिलिमीटर. अळी मात्र अगदी मिलीबगसारखी पांढरी. एप्रिलमध्ये ओल्या कापसाने पुसून काढलं त्यात अशा किती गेल्या असतील, या विचाराने फार वाईट वाटलं.

पण खाणारा आहे, तर मिलीबग हटत का नाही? मुंग्या. मिलीबगमधून पाझरणाऱ्या गोड चिकट्यासाठी त्या त्याची राखण करतात, ढालकिड्याला हुसकावतात. म्हणून तर कुंडी स्टँडवर, स्टँडचे चारही पाय पाण्याच्या वाट्यांत. या उन्हात वाट्या दिवसातून दोनदा भरते. खोडाला व्हॅसलीन लावलं, ते दुपारी वितळून ओघळलं. तरी मुंग्या वर!

आज पहाटे साडेपाचला टॉर्च घेऊन रांगेमागे गेले. मागच्या बाजूची एक फांदी वाढून कठड्याला टेकली होती. एकच पान भिंतीला चिकटलेलं आणि त्यावरून मुंग्यांची ये-जा. महिनाभर मी पाय सांभाळत बसले आणि वाट होती ती वरून. तेवढी एक फांदी कापली. संध्याकाळपर्यंत कठड्यावरची रांग पानाच्या जागेपर्यंत येऊन परत फिरायला लागली होती. किती वेळ बघत बसले!

या कुंडीवर निमतेल आता बंद, अळ्यांना बाधतं. बाकीच्यांना लिटरला पाच मिली, साबण घालून, उन्हं उतरल्यावरच. भर दुपारी फवारून कढीलिंब कसा भाजला ते मागे लिहिलंच आहे. व्हर्टिसिलियमची, म्हणजे मिलीबग मारणाऱ्या बुरशीची, पुडी पावसाळ्यापर्यंत उघडणार नाही. त्या बुरशीला दमट हवा लागते, मेमध्ये पैसे वाया. आणि प्लॅस्टिकच्या नोझलचा पंप घेऊ नका. निमतेलाने तुंबतोच. पितळी नोझल घ्या, दर वेळी गरम साबणाच्या पाण्याने धुवा.

मोगरा! फेब्रुवारीत पानं काढून छाटलेला. आज सकाळी मोजून ४३ कळ्या, वाटी भरली. बहर ओसरला की शेंडे खुडून मूठभर शेणखत देणार.

मृग लागला की जास्वंदीची कटिंग्ज लावायची होती, पण लिहिता लिहिता दुसरंच सुचतंय. प्रयोगशाळेत हे ढालकिडे लाल भोपळ्यावर वाढवलेल्या मिलीबगवर पोसतात. कापलेली फांदी मी पिशवीत बांधून ठेवली आहे, मिलीबगने भरलेली. ती भोपळ्यावर ठेवून, बादलीला मलमलचं फडकं बांधून, मिलीबग वाढले की दोन-तीन अळ्या सोडून बघते. कटिंग्ज थांबतील. उद्या मंडईतून भोपळा आणते, देठासकट, सालीवर ओरखडा नसलेला.