डब्लिनमधली दारं टिपताना

पहिल्या दिवशी काढलेल्या साठेक फोटोंपैकी निम्म्यांत मीच आहे. काळंभोर, आरशासारखं चकचकीत रंगवलेलं दार आणि त्याच्या मधोमध लाल रेनकोट घातलेली, छत्री बगलेत धरलेली मी. भाची हसून म्हणाली, "मावशी, दारं काढायला आलीस की सेल्फी?" दुसऱ्या दिवशी तिचा करडा कोट घालून बाहेर पडले. तेव्हा पहिला सल्ला हाच: डब्लिनला दारं टिपायला जाताना कपडे फिक्या, मळखाऊ रंगाचे घाला आणि दाराच्या अगदी समोर न राहता पाऊलभर बाजूला सरका.

सुरुवात मेरियन स्क्वेअरपासून करा. हा चौक १७६२ पासून बांधला गेला. मधे बाग, तीन बाजूंना विटांची चार-चार मजली जॉर्जियन घरं. जॉर्जियन म्हणजे १७१४ ते १८३०, जॉर्ज नावाचे चार राजे लागोपाठ गादीवर बसले तो काळ. जमीनमालकाने घरांची उंची आणि रस्त्याची रेषा करारातच बांधून दिलेली, त्यामुळे एक घर झाकावं आणि दुसरं काढावं. हौस करायला उरलं काय, तर दार. मग प्रत्येकाने सगळी मिरवामिरव तिथेच केली: दोन्ही अंगांना खांब, पितळेचा ठोकणा आणि वर अर्धवर्तुळाकार काचेचा झरोका.

आपण सगळे जातो ते रंगांसाठी. पिवळं, जांभळं, टोमॅटोसारखं लाल. त्या रंगांच्या दोन कथा वाटाडे हमखास ऐकवतात. एकीत राणी व्हिक्टोरियाच्या नवऱ्याचा शोक म्हणून दारं काळी करा असा हुकूम येतो आणि आयरिश लोक मुद्दाम भडक रंग लावतात. दुसरीत एक लेखक शेजारच्या दारुड्याला घर ओळखता यावं म्हणून आपलं दार हिरवं करून घेतो. ऐकायला मजा येते, विश्वास ठेवायची गरज नाही. माझं मत विचाराल तर या दारांचा रंग ही सगळ्यात कमी महत्त्वाची गोष्ट. रंग काय, उद्या बदलेल. वर झरोक्याकडे बघा. कुठे शिशाच्या पट्ट्यांचं कोळ्याचं जाळं, कुठे पाकळ्या, कुठे मोराच्या पिसाऱ्यासारखा पंखा. आतला बोळ अंधारा, म्हणून उजेडासाठी केलेली ही सोय. तिचा खरा फोटो संध्याकाळी मिळतो, आत दिवा लागला की. जूनमध्ये मात्र सूर्य रात्री दहाच्या सुमाराला मावळतो, तोवर जागं राहायची तयारी हवी. डिसेंबरात साडेचारलाच काम फत्ते.

मग खाली बघा. पायरीशेजारी बुटांचा चिखल खरवडायची लोखंडी पट्टी असते, घोडागाड्यांच्या काळातली. फुटपाथवर गोल बिडाची झाकणं दिसतील. त्यांतून कोळसा थेट रस्त्याखालच्या तळघरात ओतत. ही झाकणंही नक्षीची असतात आणि त्यांच्यापुढे गाडी उभी नसते, हा मोठाच फायदा.

कारण गाड्या ही इथली खरी डोकेदुखी. दाराच्या निम्म्या उंचीवर कुणाची तरी मोटार उभीच. रविवारी सकाळी लवकर जा, बहुतेक इमारतींत आता कचेऱ्या आहेत आणि त्या बंद असतात. दारं पायऱ्यांच्या वर असल्याने खालून फोटो काढला की चौकट वर निमुळती होत जाते. रस्ता ओलांडून समोरच्या फुटपाथवर उभे राहा, दोनपट झूम करा, पडद्यावरच्या चौकटीच्या रेघा चालू ठेवा. चौकाच्या दक्षिण बाजूची घरं उत्तरेला तोंड करून आहेत, तिथे दिवसभर बहुतेक सावलीच, म्हणजे दारात एकसारखा उजेड. पूर्व बाजूला दुपारनंतर ऊन येतं. ढगाळ हवेला नावं ठेवू नका, चकाकणारा रंग ढगाळ हवेतच नीट येतो. आणि पायऱ्या चढू नका. मी एकदा ठोकण्याचा फोटो घ्यायला दोन पायऱ्या चढले तर खिडकीतला पडदा हलला, आणि मी जी निघाले ती कोपऱ्यावर जाऊनच थांबले. ठोकणा इतका काळवंडला होता की पितांबरीची आठवण झाली, ते वेगळं.

थंडीने बोटं आखडली की पश्चिमेला राष्ट्रीय कलादालन आहे. प्रवेश फुकट, ऊब आहे, स्वच्छतागृह आहे. तिथून जवळच मेरियन स्ट्रीटवर पंतप्रधानांचं कार्यालय. मालवण तालुक्यातल्या वराड गावच्या वराडकरांचा मुलगा, लिओ, दोनदा इथे बसला. माझी भाची हे सांगताना अशी बोलते की जणू तिच्याच मतांनी.

तिथून दक्षिणेला पायी दहा मिनिटांवर फिट्झविल्यम स्क्वेअर. लहान, शांत, बागेला कुलूप. वाटेत फिट्झविल्यम स्ट्रीटवर घरांची लांबलचक रांग मधेच तुटते. १९६० च्या दशकात वीज मंडळाने कार्यालयासाठी तिथली सोळा घरं पाडली. ती फट पाहिल्यावर उरलेल्या दारांकडे बघायची नजर बदलते.

वेळ असेल तर नदी ओलांडून हेन्रिएटा स्ट्रीटला जाच. डब्लिनची सगळ्यात जुनी जॉर्जियन गल्ली, १७२० च्या दशकात सुरू झालेली. तिथल्या चौदा क्रमांकाच्या घरात सरदारांनंतर चाळ झाली आणि १९११ साली एकाच दारातून शंभरेक माणसं जात-येत होती. आता ते संग्रहालय आहे. मार्गदर्शकाबरोबरच आत सोडतात, तिकीट आधी काढून ठेवा.

व्हिसाचं नीट समजून घ्या. एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, म्हणजे शेंगेनमध्ये, आयर्लंड नाही. पॅरिसवरून सहज डब्लिनला जाऊ म्हणाल तर विमानतळावरच अडाल. आयर्लंडचा वेगळा व्हिसा लागतो. ब्रिटनच्या व्हिसावर 'बीआयव्हीएस' (ब्रिटिश-आयरिश व्हिसा योजना) असा शेरा असेल तर त्यावर चालतं, पण आधी ब्रिटनमध्ये उतरावं लागतं. शहरात बस-ट्रामने फिरायला लीप कार्ड, म्हणजे आधी पैसे भरून ठेवायचं प्रवासाचं कार्ड, घ्या. बाकी सगळं चालत जाण्याजोगं.

शेवटी दोन दारं, दोन्ही घराबाहेरची. सेंट पॅट्रिक कॅथीड्रलमध्ये एक जुनं लाकडी दार ठेवलंय, मधे आयताकृती भोक. १४९२ साली बटलर घराण्याचा सरदार त्याच्या आड दडून बसला होता. त्याचा वैरी सरदार फिट्झजेराल्ड याने दाराला भोक पाडायला लावलं आणि समेटासाठी आपला हात आत घातला. तलवारीचा वार होईल की हस्तांदोलन, हे त्यालाही ठाऊक नव्हतं. हस्तांदोलन झालं. भोकाच्या कडा करवतीने कापल्यासारख्या नाहीत, ओबडधोबड आहेत. जवळून टिपा.

दुसरं दार एकल्स स्ट्रीटच्या सात क्रमांकाचं. आयरिश लेखक जेम्स जॉइसच्या 'युलिसिस' कादंबरीतला नायक तिथे राहतो. घर १९६० च्या दशकात पाडलं, दार वाचलं. आता ते नॉर्थ ग्रेट जॉर्जेस स्ट्रीटवरच्या जॉइस केंद्रात आहे. त्याच्यासमोर कितीही वेळ उभं राहा, आतून कुणी पडदा सारून बघत नाही.