फियाटला इंजेक्शन दिलं, पण दुखणं टाकीत निघालं

आमच्या फियाटला एकदाचं फ्युएल इंजेक्शन बसलं, म्हणजे कार्ब्युरेटर काढून पेट्रोल दाबानं फवारणारी यंत्रणा. आरसी बुकात प्रीमियर पद्मिनी लिहिलंय, १९८८ची, कुर्ल्याच्या कारखान्यातून आलेली, पण आमच्या घरात आजवर कुणी तिला पद्मिनी म्हटलेलं नाही, फियाट म्हणजे फियाट. आठ रविवारचं काम म्हणून सुरू केलं आणि सात महिने गेले, त्यातला ईसीयूचा, म्हणजे इंजेक्शन चालवणाऱ्या छोट्या कॉम्प्युटरचा वेळ फार तर तीन आठवडे, बाकी सगळा टाकी, पाईप आणि क्लिपांनी खाल्ला.

हे कशाला करायचं असं बाबांनीच पहिल्यांदा विचारलं, खरं तर त्यांनी तरी विचारायला नको होतं. मे महिन्यात वैभववाडीहून करूळ घाट चढून गगनबावड्याला येताना ही गाडी बंद पडायची म्हणजे पडायचीच, आणि बाबा डिकीतला फडका काढून बाटलीतल्या पाण्यानं भिजवून इंजिनजवळच्या पेट्रोल ओढणाऱ्या पंपावर गुंडाळायचे. हा पंप इंजिनच्या अंगालाच बोल्ट केलेला असतो, कॅमशाफ्टवर चालतो, इंजिन तापलं की तोही तापतो आणि पाईपात पेट्रोलची वाफ होते. तो दाब देणार तीन-चार पीएसआय (हे दाबाचं माप), वाफ काय ढकलणार. त्यात आता सगळीकडे ई२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल. निव्वळ पेट्रोलला एका भागाला १४.७ भाग हवा लागते, २० टक्के इथेनॉल घातलं की साधारण १३.५, म्हणजे तेवढ्याच हवेला पेट्रोल जास्त पाहिजे, पण सोलेक्स कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल सोडणाऱ्या जेटचं भोक काय आपोआप मोठं होत नाही, गाडी लीन चालते, म्हणजे हवेच्या मानानं पेट्रोल कमी पडतं, पिकअपला दचके देते. जेट बदलून भागलं असतं, मान्य. मला हौस होती.

ईसीयू म्हणून स्पीडुइनो घेतला, आर्डुइनो मेगा नावाच्या स्वस्तातल्या सर्किट बोर्डावर चालतो, ओपन सोर्स आहे, लॅपटॉप लावून ट्यून करता येतो. इंजिनात हवा नेणारा मॅनिफोल्ड जुनाच ठेवला, कार्ब्युरेटरच्या जागी हवा कमीजास्त करणारी एक थ्रॉटल बॉडी आणि पेट्रोल फवारणारा एकच इंजेक्टर. इंजिन १०८९ सीसीचं, ताकद चाळीस हॉर्सपॉवरच्या आसपास, हिशोब केला तर मिनिटाला २६०-२७० सीसीचा इंजेक्टर पुरतो, ई२० धरून मी ३००चा घेतला. थ्रॉटल बॉडीखालची अॅल्युमिनियमची प्लेट उद्यमनगरातल्या लेथवाल्यानं पुठ्ठ्याच्या कटिंगवरून दुपारभरात काढून दिली, कोल्हापुरात राहायचा हा एक फायदा आहे राव. सायलेन्सरच्या पाईपाला ऑक्सिजन सेन्सरसाठी नट वेल्ड केला, मिश्रणात पेट्रोल कमी की जास्त हे तो धुरावरून सांगतो. एवढं झाल्यावर मला वाटलं संपलंच.

मग टाकी उघडली.

माझ्या इंजेक्टरला ४३ पीएसआय दाब लागतो, म्हणजे ३ बार, आणि वापरून उरलेलं पेट्रोल परत टाकीत जायला वेगळी रिटर्न लाईन लागते. जुन्या टाकीला ती नाहीच. टाकी काढून आतला गाळ ओतला तर चहाच्या चोथ्यासारखा गंज, वाटीभर. कार्ब्युरेटरला हे चालत होतं कारण बारीक गंज त्याच्या फ्लोट चेंबरच्या, म्हणजे पेट्रोलच्या छोट्या कप्प्याच्या, तळाला बसून राहायचा, इंजेक्टरच्या जाळीत गेला तर खेळ खल्लास. आमच्या गल्लीतल्या रेडिएटरवाल्या मामांनी टाकी चार दिवस पाण्यानं भरून ठेवली, मी रोज विचारायचो झालं का, ते म्हणाले, "वास गेला म्हणजे पेट्रोल गेलं असं नसतंय, पोरा. मला घरी जायचंय संध्याकाळी." रिकाम्या दिसणाऱ्या टाकीतली वाफ ठिणगीनं कशी उडते हे त्यांना मला शिकवायला लागलं, मी गप्प बसलो.

दुसरी भानगड, अर्ध्याहून कमी पेट्रोल असताना वळणावर सगळं पेट्रोल एका बाजूला जातं आणि पंप हवा ओढतो. कार्ब्युरेटरच्या फ्लोट चेंबरमध्ये तेवढा साठा असतो म्हणून कळत नाही, इंजेक्शनला एक सेकंद हवा आली तरी गाडी झटका खाते. म्हणून डिकीत दीड लिटरची छोटी टाकी बसवली, कमी दाबाचा एक वेगळा साधा पंप तिला भरत राहतो आणि जास्त दाबाचा मोठा पंप तिच्यातनं ओढतो.

आता माझा गाढवपणा. एका जोडाला होज, म्हणजे रबरी पाईप, कमी पडला म्हणून जुन्या कार्ब्युरेटर लाईनचा तुकडा लावला, म्हटलं टेस्टिंगपुरता चालेल. चावी फिरवली, पंप दोन सेकंद घरघरला आणि बॉनेटखाली पिचकारी. इंजिन थंड होतं म्हणून आज हे लिहितोय. तेव्हापासून हाय प्रेशरचा होज आणि पूर्ण गोल आवळणाऱ्या क्लिपा, स्क्रूवाली पट्टीची क्लिप एकही नाही. इंजिन बंद पडलं की ईसीयूनं पंपाचा रिले, म्हणजे त्याचा विजेचा स्विच, तोडायलाच पाहिजे, आणि धडक बसली तर वेगळा स्विच तोडतो, हे दोन्ही चालू बघितल्याशिवाय मी गाडी गेटाबाहेर काढली नाही.

परवा करूळ घाट झाला. दुपारी दोनला, चौघं बसून, दुसऱ्या गिअरला, एकदाही थांबली नाही. दाबाखालचं पेट्रोल सहजी उकळत नाही आणि सतत टाकीत फिरून येत असल्यानं तापतही कमी. बाबा वर पोचेपर्यंत फडका मांडीवर घेऊन बसले होते, गगनबावड्याला चहा पिताना म्हणाले, "आवाज बदललाय हिचा." बदललाय खरा, मागं पंप सारखा गुणगुणतो, कुशन घालून बघायचंय.

आणि जुना पंप काढला तिथं जी झाकणाची प्लेट लावलीय, तिच्या गॅस्केटमधून ऑइल ठिपकतंय. दोनदा बदललं. प्लेटच वाकडी असणार, रविवारी लेथवाल्याकडं नेतो.