चिखलातला अननस

ज्वारीच्या दारूला अननसाचा वास कशाला यावा? पण चीनच्या सिचुआन प्रांतातल्या लूचौची बायज्यू, म्हणजे तिथली ज्वारीची दारू, पेल्यात ओतली की आधी तोच येतो, जरासा जास्त पिकलेला. फळाचा थेंबही त्यात नसतो. असतं ते एथिल हेक्झानोएट नावाचं वासाचं रसायन, आणि त्याचं मूळ दारू आंबवायच्या खड्ड्याच्या चिखलात.

वाफवलेली ज्वारी, आंबवणासाठी गव्हाच्या विटांची पूड आणि भाताचा तूस असं मिश्रण खड्ड्यात भरून वरून चिखलानं लिंपतात. पुढचे दोन-तीन महिने भिंतींच्या काळ्या चिखलातले क्लॉस्ट्रिडियम जिवाणू हेक्झानोइक आम्ल बनवत बसतात. त्या आम्लाला चक्क बोकडाचा वास! अल्कोहोलशी त्याचं जमलं की मात्र अननस. म्हणून खड्डा जितका जुना तितका मोलाचा. लूचौमधले काही १५७३ पासून वापरात असल्याचं सांगतात. चिखल कोरडा पडू दिला तर तो कडक होतो, त्यावर लॅक्टिक आम्लाच्या क्षारांचे पांढरे खडे धरतात आणि अननस आटतो.

खरी कसोटी दारू गाळताना. मिश्रण वाफेवर हलक्या हातानं, पातळ थरांत पसरायचं. दाबून भरलं तर वाफ मिळेल त्या फटीतून निसटते आणि बराचसा वास धान्यातच अडकतो. मग एक गंमत. एथिल हेक्झानोएट उकळतं १६७ अंशांच्या आसपास, दारूतलंच दुसरं रसायन, एथिल लॅक्टेट, १५४ला. तरी हेक्झानोएट पहिल्या धारेत येतं आणि लॅक्टेट शेवटी. हेक्झानोएटचं पाण्याशी पटत नाही, ते अल्कोहोलच्या वाफेबरोबर लगेच पळतं. लॅक्टेट पाण्यात मुरून बसतं. आच मोठी केली किंवा शेवटची धार लोभानं जास्त घेतली की लॅक्टेट वाढतं आणि दारू नाकाला मंद, जिभेला तुरट लागते. पहिल्या धारेची ख्याती आपल्याकडे निव्वळ कडकपणावरून आहे, इथे ती वासावरून असायला हरकत नाही.

तिकडे चीनच्याच शान्शी प्रांतात फनज्यू नावाची बायज्यू बनवणारे तीच ज्वारी जमिनीत पुरलेल्या मातीच्या रांजणांत आंबवतात, मिश्रणाला चिखल लागू देत नाहीत. त्यांना एथिल ॲसिटेटचा स्वच्छ, सफरचंदी वास हवा असतो. त्यांच्या दारूत अननस डोकावला तर तो दोष! लूचौत ज्यासाठी चिखल जपायचा, तेच शान्शीत कुठून आलं म्हणून रांजण तपासायचे. आता बोला.